श्रुतिकेपासून पॉडकास्टपर्यंत : मराठी श्राव्य कथनाचा व्यापारी इतिहास

मराठी साहित्यव्यवहाराचा इतिहास लिहिताना आपण मुद्रणाला केंद्रस्थानी ठेवतो. ग्रंथ, नियतकालिक, प्रकाशनसंस्था, ग्रंथालय आणि पाठ्यक्रम या साखळीतून जे जाते ते साहित्य, अशी आपली कार्यकारी व्याख्या असते. ध्वनीच्या माध्यमातून गेल्या शंभर वर्षांत जे कथन मराठीत झाले त्याची बोळवण 'माध्यमांतर' या एका शब्दात करून ते परिशिष्टात ढकलले जाते. त्यामुळे २०१७ नंतर करमणूक हाच ज्यांचा उघड व्यवसाय आहे अशा कंपन्या मराठी कथा-कादंबऱ्यांचे ध्वनिमुद्रण करू लागल्या, श्राव्यमालिका लिहवून घेऊ लागल्या आणि 'पॉडकास्ट' हा शब्द मराठी लेखकांच्या मानधनाच्या चर्चेत रुळला, तेव्हा या घटनेला सामोरे जाण्यासाठी समीक्षेजवळ परिभाषा नव्हती. प्रतिक्रिया उमटल्या त्या दोन टोकांच्या. कोणी मौखिक परंपरेच्या पुनरुज्जीवनाचा आनंद व्यक्त केला, तर कोणी साहित्याच्या बाजारीकरणाची खंत. दोन्ही प्रतिक्रियांमागे एक समान गृहीतक आहे. मराठी श्राव्य कथन आजवर बाजारापासून अलिप्त होते आणि आता प्रथमच बाजाराच्या हाती गेले, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव 'करमणूक' होते. १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेल्या मासिकाचे नाव 'मनोरंजन'. मराठी सामाजिक कादंबरी आणि मराठी लघुकथा यांचे संगोपन ज्या दोन नियतकालिकांनी केले त्यांनी आपला धंदा नावातच जाहीर केला होता. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा विस्तार, तिच्यातील प्रकरणांची घडण आणि वाचकाशी चालणारी तिची सलगी यांचा साप्ताहिकाच्या अंकाशी असलेला संबंध नाकारता येणार नाही. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि पुढे मराठी कथेचे वार्षिक चक्रच त्या प्रथेभोवती फिरू लागले. तेव्हा व्यापार आणि वाङ्मयरूप यांचा संबंध ही आपल्याकडे सव्वाशे वर्षांची जुनी गोष्ट आहे. करमणूक या शब्दाला हलकेपणाचा वास पुढे लागला, आणि तो समीक्षेनेच लावला.

प्रश्न अधिक नेमका करून मांडायचा तर असा मांडता येईल : विक्रीचे एकक कोणते आहे? अंक, तबकडी, प्रक्षेपणाची वेळ, तिकीट, ध्वनिफीत, मासिक वर्गणी, की ऐकलेले मिनिट? माझे प्रतिपादन असे की, श्राव्य कथनाचे रूप ठरविण्यात आशयसूत्रांपेक्षाही या एककाचा वाटा मोठा राहिला आहे. आणि आजच्या स्थित्यंतरातील खरे नावीन्य कंपन्यांच्या आगमनात नसून एककाच्या बदलात आहे.

तबकडीचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले, १९०८ मध्ये सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला, आणि मराठी नाट्यपद लवकरच या व्यापारात आले. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत लांबणारे पद तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे. कोणत्या ओळी ठेवायच्या, तान कोठे घ्यायची आणि शेवट कसा करायचा, हे निर्णय गायकाने मेणाच्या चकतीपुढे उभे राहून घेतले. त्यांतून जे रूप सिद्ध झाले तेच पुढच्या पिढ्यांनी 'मूळ' पद म्हणून कंठस्थ केले. व्यापारी एककाने निर्माण केलेली संक्षिप्त आवृत्तीच प्रमाण ठरण्याची ही मराठीतील पहिली ठळक घटना म्हणावी लागेल. कथनाला मात्र तबकडीने फारसा आश्रय दिला नाही. तीन मिनिटांत कथा सांगता येत नव्हती.

कथनाला अवकाश दिला तो नभोवाणीने. येथे आपल्या सामूहिक स्मृतीतील एक तपशील दुरुस्त करणे अगत्याचे आहे. नभोवाणी म्हणजे सरकारी संस्था हे समीकरण आपल्या मनात इतके दृढ आहे की, २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले तेव्हा त्या केंद्राची मालकी एका खाजगी कंपनीकडे होती, हे आपण विसरतो. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी हे तिचे नाव. दहा रुपयांचा वार्षिक परवाना आणि आयात यंत्रांवरील आकार यांवर तिचा डोलारा उभा होता. परवान्यांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही आणि १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ही सेवा आपल्या ताब्यात घेतली आणि ८ जून १९३६ रोजी तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. म्हणजे भारतीय नभोवाणीचे सार्वजनिक स्वरूप हे मूलतः एका व्यापारी अपयशाचे अपत्य आहे. पुढील पन्नास वर्षांत मराठी श्राव्य वाङ्मयात जे काही भरीव झाले ते ज्या छत्राखाली झाले, ते छत्र बाजार टिकला नाही म्हणून उभे राहिले होते.

या छत्राखाली आलेल्या मराठी लेखकांची नावे पाहिली म्हणजे आपल्या वाङ्मयेतिहासाची उपेक्षा किती खोल आहे हे ध्यानात येते. बा. सी. मर्ढेकर १९३८ पासून नभोवाणीच्या नोकरीत होते. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर आणि रवींद्र पिंगे यांनी आयुष्याचा कमीअधिक काळ आकाशवाणीत काढला. मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर मराठीत जेवढी चर्चा झाली तेवढी अन्य कोणत्याही सौंदर्यशास्त्रीय सिद्धांतावर क्वचितच झाली असेल. संवाद, विरोध आणि समतोल या त्रयीवर पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी उत्तरे लिहिली. परंतु हा सिद्धांत मांडणारा लेखक रोजच्या नोकरीत केवळ ध्वनीच्या आधाराने रचना कशी उभी राहते याचा अनुभव घेत होता, आणि 'कर्ण', 'बदकांचे गुपित' यांसारख्या संगीतिका नभोवाणीसाठी लिहीत होता, या वस्तुस्थितीचा त्या चर्चेत किती उपयोग झाला? रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९३६ मधील आपल्या ग्रंथात दृश्याच्या अभावाला नभोवाणीचे बलस्थान मानले होते. संवेदनांच्या शुद्ध संबंधांना प्राधान्य देणाऱ्या मर्ढेकरांचा विचार या भूमिकेशी ताडून पाहण्याजोगा होता. आपण त्यांच्या संगीतिकांना किरकोळ लेखनाच्या कप्प्यात टाकले आणि श्राव्य कलाकृतीचे सौंदर्यशास्त्र उभारण्याची संधी गमावली. आज करमणूक कंपन्यांच्या श्राव्यमालिकांना कोणते निकष लावावेत, असा प्रश्न चर्चासत्रांतून विचारला जातो. ते निकष १९४५-५० च्या सुमारासच तयार व्हायला हवे होते.

सार्वजनिक नभोवाणीचे एकक कोणते होते? कार्यक्रमपत्रिकेतील वेळ, आणि तिच्यामागे असलेले वर्ष. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, त्या केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभराची बावन्न गीते योजलेली होती, परंतु त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे संख्या छप्पन्न झाली. या तपशिलाकडे मौज म्हणून पाहू नये. एका प्रदीर्घ कथाकाव्याचा विस्तार येथे पंचांगाने ठरविला आहे. श्रोत्यांची संख्या, जाहिरातदाराची मागणी किंवा मालिका किती ताणता येईल याचा अंदाज यांपैकी कशाचाही त्यात भाग नव्हता. रामकथा जेथे संपावयाची तेथे आणि वर्ष जेथे संपावयाचे तेथे ती संपली.

याच कृतीचा पुढचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. आकाशवाणीवरील 'गीतरामायण' बहुस्वरी होते. वेगवेगळ्या पात्रांची गीते माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा वेगवेगळ्या गायकांनी गायिली होती. पुढे ग्रामोफोन कंपनीमार्फत जी आवृत्ती बाजारात आली आणि घराघरांत पोचली ती एकट्या फडके यांच्या आवाजातील होती. त्यांच्या गायनाची थोरवी निर्विवाद आहे. तथापि कौसल्या, सीता, शूर्पणखा आणि राम या सर्वांचे बोल एकाच कंठातून ऐकण्याची सवय लागल्यावर कृतीचा प्रकार बदलतो; नाट्यगीतांची मालिका ही आख्यानात रूपांतरित होते, कीर्तनकाराच्या कथनाच्या जवळ जाते. हे रूपांतर एखाद्या समीक्षकाने केलेल्या अर्थनिर्णयनाचे फलित नाही. ते एका विक्रीयोग्य वस्तूच्या निर्मितीतून घडले, आणि आज 'गीतरामायण' म्हणताच आपल्या कानांपुढे जे येते ते हेच.

'पुन्हा प्रपंच'चा दाखला वेगळ्या अंगाने महत्त्वाचा आहे. मुंबई केंद्रावरील या कौटुंबिक श्रुतिकामालिकेतील मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी ही पात्रे एके काळी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतील नित्याचे पाहुणे झाली होती. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज चेहऱ्यांपेक्षा अधिक परिचित होते. चाळीतील वा ब्लॉकमधील मराठी कुटुंबाच्या बोलीचा, थट्टेचा आणि काटकसरीचा एवढा सलग दस्तऐवज अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकाराने दिला नसेल. मराठी विनोदाच्या किंवा कौटुंबिक कथेच्या इतिहासात तिला किती ओळी मिळाल्या, हे ज्याने त्याने आपल्या संग्रहातील ग्रंथ उघडून पाहावे.

बाजार या काळातही दाराशी उभा होताच. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांनी चित्रपटसंगीताला आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव केला. परिणामी श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि त्याच वर्षी तेथून सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' देशभर गाजली. अमीन सयानी यांचा हा कार्यक्रम मुंबईत एका व्यापारी निर्मितिसंस्थेत ध्वनिमुद्रित होई आणि ध्वनिफीत विमानाने कोलंबोस जाई. निर्मिती एका ठिकाणी, वितरण दुसऱ्या देशातून, खर्च दंतमंजनाच्या कंपनीचा आणि श्रोता गावोगावचा. आजच्या पॉडकास्टच्या अर्थरचनेचा आराखडा येथे सत्तर वर्षांपूर्वीच दिसतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती'चा जन्म झाला तो या स्पर्धेतून, आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या तीन केंद्रांवर जाहिरातींसह व्यापारी प्रसारण सुरू झाले. व्यापारी नभोवाणीचा देशातील पहिला प्रयोग महाराष्ट्रातील तीन शहरांवर व्हावा, हा योगायोग नसावा. औद्योगिक माल आणि तो विकत घेणारा पगारदार वर्ग या दोहोंची येथे गाठ पडत होती.

ध्वनिफितीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाला व्यासपीठावर जी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि व. पु. काळे यांनी तिकीट काढून कथा ऐकणारा श्रोतृवर्ग तयार केला, त्याचा लाभ पुढे ध्वनिफीतनिर्मात्यांना झाला. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने पु. लं.चे अभिवाचन घरोघरी पोचविले. या व्यवहारात एकक होते विकत घेतलेली वस्तू. ती घरात राहत असे, शेजारी मागून नेत असे आणि दहा वर्षांनीही वाजत असे. तिच्यातील कथा कंपनीला परत मागता येत नव्हती.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर काही वर्षांनी एफ. एम. वाहिन्यांचे लिलाव झाले आणि २००१ पासून खाजगी केंद्रे सुरू होऊ लागली. अपेक्षा अशी होती की, अनेक मालक आले की अनेक आवाज येतील. घडले नेमके उलटे. परवान्याच्या बोलीत गुंतलेला प्रचंड पैसा, स्वतंत्र बातम्या देण्यास मनाई आणि श्रुतिकेच्या निर्मितीला लागणारा खर्च यांमुळे बहुतेक केंद्रे चित्रपटगीते आणि निवेदकाची बडबड यांवर स्थिरावली. मुंबईत तर या बडबडीची भाषाही मुख्यतः हिंदीच राहिली. सुमारे पंधरा वर्षे मराठी श्राव्य कथनाला व्यापारी आश्रयच नव्हता, आणि आकाशवाणीवरील श्रुतिकेचा श्रोता वार्धक्याकडे झुकत होता. २०१७ मध्ये आलेल्या कंपन्यांना जी जागा सापडली ती या रिकामपणाची.

आता प्रत्यक्ष स्थित्यंतराकडे वळू. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांच्या 'गार्डियन'मधील लेखातून छापात आला. आरंभी ही हौशी मंडळींची चळवळ होती. कोणीही ध्वनिमुद्रण करावे, ते सर्वांसाठी खुले ठेवावे आणि कोणीही कोणत्याही साधनावर उतरवून घ्यावे, असे तिचे मुक्त स्वरूप होते. २०१९ मध्ये स्पॉटिफायने गिमलेट व अँकर या संस्था विकत घेतल्या, २०२० च्या अखेरीस ॲमेझॉनने वंडरी घेण्याचे जाहीर केले आणि मुक्त वितरणाच्या जागी कुंपणाआडचे वितरण आले. खरेदीचा हा उत्साह फार काळ टिकला नाही. २०२३ मध्ये स्पॉटिफायने गिमलेटचे स्वतंत्र अस्तित्व संपविले, तर २०२५ मध्ये वंडरीचीही मोडतोड झाली. मराठीतील घडामोडी या लाटेचा भाग आहेत, परंतु त्यांचा चेहरा वेगळा आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने भारतात पाऊल ठेवले ते इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तीन भाषांसह. बंगाली, तमिळ आणि मल्याळम् यांच्या आधी मराठीची निवड व्हावी, याचे स्पष्टीकरण लोकसंख्येत सापडणार नाही. विक्रीयोग्य ग्रंथसूची असलेले संघटित प्रकाशक, ध्वनिमुद्रणाची सोय, रंगभूमीवर तयार झालेले आवाज आणि कथाकथन ऐकण्याची सवय असलेला मध्यमवर्ग या चारही गोष्टी पुण्या-मुंबईच्या टापूत एकत्र होत्या. पुण्यात 'स्नॉवेल'सारख्या स्थानिक संस्थेने श्राव्य पुस्तकांचे काम आधीच आरंभिलेले होते. म्हणजे परकीय भांडवलाला येथे जे मिळाले ते आकाशवाणी, व्यावसायिक रंगभूमी आणि ध्वनिफीत यांनी अर्धशतकात घडविलेले कौशल्य. सार्वजनिक गुंतवणुकीतून तयार झालेला आवाज खाजगी कोशात जमा झाला, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल, पण चूक ठरणार नाही.

यानंतर देशी कंपन्या आल्या. २०१४ मध्ये बंगळुरू येथे लिखित मजकुरासाठी सुरू झालेल्या प्रतिलिपीने २०२० मध्ये मुंबईची आय. व्ही. एम. पॉडकास्ट्स ही संस्था घेतली. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या कुकू एफ. एम. आणि पॉकेट एफ. एम. यांनी मराठीसह अनेक भाषांत श्राव्यमालिकांचा धडाका लावला. ज्या ग्रामोफोन कंपनीने मराठी नाट्यपदाला तीन मिनिटांत बसविले तिचीच वारसदार असलेली सारेगामा २०१७ मध्ये जुन्या गाण्यांनी भरलेले 'कारवाँ' घेऊन आली. मिर्चीसारख्या एफ. एम. कंपन्याही आपल्या ध्वनिलहरींबाहेर पडून मागणीनुसार ऐकावयाच्या कार्यक्रमांकडे वळल्या. (अलीकडे 'अमुक तमुक' किंवा 'मित्रम्हणे' यांसारख्या मराठी पॉडकास्टचा बोलबाला आहे. परंतु ते मुख्यतः पाहिले जातात. पॉडकास्ट या नावाखाली संवादाचे चित्रीकरण येणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे त्यात शिरत नाही.)

एककाचा प्रश्न येथे निर्णायक होतो. 'करमणूक'चा वर्गणीदार संपूर्ण अंकाचे पैसे देत असे. तो कोणत्या पानावर थांबला, कोणते प्रकरण त्याने ओलांडले आणि कोठे त्याला झोप लागली, हे हरिभाऊंना कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या कंपनीला श्रोता कोणत्या क्षणी सोडून गेला हे कळते. वर्गणीच्या व्यवहारात श्रोता किती काळ ऐकतो यावर मोबदल्याची गणिते बसविली जातात, पॉकेट एफ. एम.च्या पद्धतीत पुढचा भाग उघडण्यासाठी नाणी खर्चावी लागतात. पहिल्या व्यवहारात दीर्घ कादंबरीला अनायासे महत्त्व येते, आणि हे काही वाईट झाले असे म्हणता येत नाही. छापील बाजारात मागे पडलेल्या कित्येक जाडजूड कादंबऱ्या त्यामुळे पुन्हा कानांवर आल्या. दुसऱ्या व्यवहाराचे परिणाम रूपाच्या दृष्टीने अधिक दूरगामी आहेत. दहा-पंधरा मिनिटांचा भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठेचा हिसका आणि शेकडो भागांपर्यंत लांबत जाणारे कथानक ही त्याची लक्षणे आहेत. अशा मालिकेत शेवट हा रचनेचा घटक राहत नाही, तो उत्पन्नाचा खंड ठरतो. आरंभ-मध्य-अंत या जुन्या त्रयीतील तिसरे पद व्यवहारानेच रद्द केले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो विचारार्ह आहे. कीर्तनकारही श्रोत्यांचा कल पाहून आख्यान लांबवितो, तमाशातील वग टाळ्यांनुसार फुलतो. मग आकडेवारीनुसार कथा लांबविण्यात वेगळे काय? वेगळेपण दोन गोष्टींत आहे. कीर्तनकाराचा श्रोता समोर असतो आणि त्याचा कंटाळा हा सभेचा कंटाळा असतो, तर आकडेवारी एकेकट्या श्रोत्यांच्या वर्तनाची बेरीज असते. दुसरे असे की, पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट कीर्तनकाराला बांधून ठेवते. त्याला कितीही रंग भरता आला तरी आरतीला यावेच लागते. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये मांडलेली दुय्यम मौखिकतेची संकल्पना आपल्याकडे या संदर्भात सरसकट वापरली जाते. परंतु ऑंग यांच्या विवेचनात दुय्यम मौखिकता समूहभाव निर्माण करते. इयरफोनमधून ऐकल्या जाणाऱ्या मालिकेचे ते लक्षण नाही.

हा फरक सिद्धांतापुरता नाही. प्रस्तुत लेखक जेथे राहतो त्या विरार पूर्वेकडील मनवेलपाड्यासारख्या वस्तीतून तो रोज दिसतो. विरारहून मुंबईस जाणारी पहिली गाडी १८६७ मधील. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली, आणि आज चर्चगेटपर्यंतच्या साठ किलोमीटरांत दीड तासाच्या आसपासचा वेळ जातो. येथील नोकरदाराचा हा रोजचा तीन तासांचा काळ म्हणजे श्राव्य कंपन्यांच्या दृष्टीने खाणच. पण त्याच डब्यांत टाळ वाजवीत अभंग म्हणणाऱ्या भजनी मंडळ्यांची प्रथा अनेक दशकांची आहे. त्या गायनात डब्याला भाग घ्यावा लागे; ज्याला नको असेल त्यालाही ऐकावे लागे, आणि त्यावरून तंटेही होत. या तंट्यांसकट ती सामुदायिक श्रवणाची जागा होती. आता एकाच बाकावर चार जण चार कथा ऐकत असतात. घरी दोन खोल्यांत एकांत न मिळणाऱ्या माणसाला, विशेषतः स्त्रीला, कानातील हा एकांत किती मोलाचा आहे हे ध्यानात न घेता त्यावर शोक करणे मला अप्रशस्त वाटते. 'पुन्हा प्रपंच' ऐकताना घरातील सून स्वयंपाकघरातून ऐकत असे, आणि रेडिओची कळ तिच्या हाती क्वचितच असे.

भाषेच्या बाबतीत मात्र हिशेब तोट्याचा दिसतो. वसईच्या पट्ट्यात सामवेदी आणि वाडवळी या बोली नांदतात. कंपन्यांच्या भाषासूचीत 'मराठी' हा एकच रकाना असतो आणि त्याची भरती प्रमाणभाषेतून होते. ज्या श्रोत्याला मराठीसह दुसरी मोठी भाषा समजते त्याच्यासाठी बोलीत वेगळी निर्मिती करण्याचे कंपनीला प्रयोजन नाही. आकाशवाणीही प्रमाणभाषेचीच पुरस्कर्ती होती हे खरे, तरी ग्रामीण कार्यक्रमांच्या निमित्ताने तिला बोलीसाठी वेळ राखून ठेवावा लागे.

शेवटी मालकी आणि जतन यांचा मुद्दा उरतो, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या कर्त्याला स्वामित्वधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला आणि तो त्याला सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. चर्चा झाली ती चित्रपटगीतकारांच्या संदर्भात. परंतु श्राव्यमालिकेची संहिता हीही साहित्यकृतीच आहे, आणि शब्दसंख्येवर वा भागांवर एकरकमी मोबदला घेऊन सर्व हक्क कायमचे लिहून देणाऱ्या मराठी लेखकाला या तरतुदीचा आधार घेता येईल काय, याचा विचार आपल्या लेखकसंघटनांनी करावयास हवा. वाचणाऱ्या कलावंताचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. त्याच दुरुस्तीने प्रयोगकर्त्यालाही व्यापारी वापराच्या मोबदल्यात हक्क दिलेला आहे.

जतनाची स्थिती अधिक बिकट आहे. आकाशवाणीच्या कितीतरी फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यांवरील श्रुतिका गेल्या. त्या वेळी निदान कारण फितीच्या किमतीचे होते. आजच्या श्राव्यकृतीला साठवणीची अडचण नाही, तरीही ती अधिक क्षणभंगुर आहे. ती श्रोत्याकडे नसते; वर्गणी संपली की ती ऐकता येत नाही, करार संपला की कंपनी ती काढून घेते. २०२२ मध्ये स्टोरीटेलने आपल्या जागतिक व्यवसायाचा फेरविचार करून सुमारे दहा टक्के कर्मचारी कमी केले. अशा निर्णयांत कोणत्या भाषेचे काय होते हे स्टॉकहोममध्ये ठरते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य निर्दिष्ट ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात, आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्या कायद्याखाली आली. ध्वनिमुद्रित कृती त्यात नाही. परिणामी आज केवळ ध्वनीसाठी लिहिल्या गेलेल्या, कधीही न छापलेल्या मराठी कादंबरीवर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावयाचे ठरविले, तर परीक्षकाला ती कृती तपासण्यासाठी एखाद्या खाजगी कंपनीचा वर्गणीदार व्हावे लागेल. आणि प्रबंध सादर होईपर्यंत ती कृती तेथे असेल याची हमी त्याला कोणी देणार नाही.